एका कॉफीवर चार तास: व्हिएन्नाच्या कॉफीहाऊसचं गणित

व्हिएन्नातल्या एखाद्या जुन्या कॉफीहाऊसमध्ये जायचं, एक मेलांज (दुधाची फेसाळ कॉफी) मागवायची आणि निवांत बसून राहायचं. अर्ध्या तासात कप रिकामा होतो, पण बिल येत नाही. तास उलटतो, तरी 'आणखी काही घेणार का?' असा सूचक प्रश्नही येत नाही. काळ्या कोटातला वेटर मधूनच येतो, पाण्याचा रिकामा ग्लास उचलतो, भरलेला ठेवतो आणि चकार शब्द न काढता निघून जातो. शेजारच्या टेबलावरचे आजोबा तिसऱ्या वर्तमानपत्राला हात घालतात. त्यांच्यासमोरही एकच कप असतो.

हॉटेलधंद्याचा साधा हिशोब याच्या नेमका उलटा चालतो. टेबल दिवसातून जितक्या वेळा रिकामं होईल, तितका गल्ला भरतो. मग शहराच्या ऐन मध्यात, झुंबरं आणि संगमरवर लावलेल्या दालनात, एका कॉफीवर माणसाला दुपारभर बसू देणारा धंदा तीनशे वर्षं टिकला कसा? ऑस्ट्रियाने २०११ साली आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत ही कॉफीहाऊस-संस्कृती घातली. (टूरवाल्यांच्या माहितीपत्रकात सरसकट 'जागतिक वारसा' छापतात, पण ही यादी ऑस्ट्रियाची स्वतःची आहे.) त्या नोंदीचा मथितार्थ असा की इथे खर्च होतो तो वेळ आणि जागा, बिलावर मात्र कॉफीच लिहिलेली असते. वाचायला झकास वाटतं. पण मग त्या वेळेचे आणि जागेचे पैसे कोण भरतं, हे त्यातून कळत नाही.

पुतळा हेराचा, परवाना व्यापाऱ्याचा

व्हिएन्नात कॉफी कशी आली याची एक लाडकी गोष्ट आहे. १६८३ साली तुर्कांचा वेढा उठला. पळत्या सैन्याने मागे टाकलेल्या सामानात हिरव्या दाण्यांची पोती सापडली. लोकांना वाटलं, उंटांचा चारा असेल. कोल्शित्स्की नावाच्या हेराला तुर्की भाषा आणि रिवाज ठाऊक होते. त्याने बक्षीस म्हणून ती पोती मागून घेतली आणि शहरातलं पहिलं कॉफीहाऊस काढलं. त्याच्या नावाचा रस्ता आहे, रस्त्याच्या कोपऱ्यावर कॉफी ओतणारा त्याचा पुतळाही आहे. अडचण एवढीच की ही कथा पहिल्यांदा छापली गेली ती शंभर वर्षांनी, १७८३ मध्ये. कागदोपत्री पुरावा आहे तो योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याचा. १७ जानेवारी १६८५ रोजी त्याला शहरात कॉफी विकण्याचा परवाना मिळाला. त्याच्या वाट्याला त्याच्या नावाची एक छोटी बाग आली, तीही अगदी अलीकडे, २००४ मध्ये.

परवाना हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॉफी उकळून विकणाऱ्यांचा धंदा वेगळा आणि मिठाई-केक करणाऱ्यांचा वेगळा, अशी त्या काळी काटेकोर विभागणी होती. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. म्हणजे आज आपण 'केक आणि कॉफी' हे जे एका दमात म्हणतो, ते दोन वेगळ्या धंद्यांचं बऱ्याच उशिरा जमलेलं लग्न आहे.

नुसती कॉफी विकून मालकाचं भागत होतं, कारण खरी कमाई बाजूला होत होती. बिलियर्डच्या टेबलाचे पैसे वेगळे द्यावे लागत, पत्त्यांच्या डावाचे वेगळे. गिऱ्हाईक जितका वेळ बसेल तितका वेळ खेळेल, म्हणून त्याला उठवण्यात मालकाचंच नुकसान होतं. वर्तमानपत्रं ठेवण्याची चालही लवकर पडली. १७२० च्या सुमारास एका कॉफीहाऊसने अंक मांडून ठेवले आणि बाकीच्यांनी ते उचललं. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियात वर्तमानपत्रांवर स्टॅम्पचा कर होता, त्यामुळे घरी अंक घेणं खिशाला जड जाई. एका कॉफीच्या पैशात देशोदेशीचे अंक चाळायला मिळत असतील, तर कोण सोडेल? अंक चुरगळू नयेत आणि कुणी बगलेत मारून नेऊ नये म्हणून त्यांना लाकडी दांडीत अडकवायची पद्धत आली. ती दांडी अजून दिसते.

मग नेपोलियन आडवा आला. १८०६ साली त्याने इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली आणि युरोपात समुद्रापलीकडून येणारी कॉफी दुर्मीळ झाली. चिकोरी आणि भाजलेलं अंजीर उकळून लोकांनी तहान भागवली, पण त्यावर धंदा चालेना. जगण्यासाठी मालकांना गरम जेवण आणि वाइन विकण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून कॉफीहाऊसचं उत्पन्न स्वयंपाकघरातूनही येऊ लागलं. आजही दुपारी बाराच्या सुमारास गेलात तर शेजारच्या टेबलावर सूप आणि श्निट्झेल (मांसाचा तळलेला पातळ काप) दिसेल. त्या श्निट्झेलच्या नफ्यात तुमच्या रेंगाळण्याचा खर्च निघतो.

घरं लहान, थंडी मोठी

पण लोक मुळात तासन्‌तास बसायचेच का? 'व्हिएन्नाची माणसं निवांत स्वभावाची' हे उत्तर मला पटत नाही. उत्तर शहराच्या घरांमध्ये आहे.

१९१० च्या आसपास व्हिएन्नाची लोकसंख्या वीस लाखांवर गेली होती. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून, बोहेमियातून, मोराव्हियातून, गालित्सियातून माणसं येत होती आणि घरं पुरत नव्हती. कामगारवस्तीत एक खोली आणि स्वयंपाकघर, पाण्याचा नळ बाहेर व्हरांड्यात सगळ्यांना मिळून एक. भाडं परवडावं म्हणून कुटुंबं घरातला एखादा पलंग रात्रीपुरता किंवा पाळीपुरता परक्याला भाड्याने देत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच गादीवर आडवा होई. गिरणगावातल्या गाळ्यांच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

झुंबराखाली बसणारे अर्थात हे कामगार नव्हते. त्यांच्याहून एक पायरी वरचे विद्यार्थी, कारकून, नवखे डॉक्टर आणि होतकरू लेखक तिथे बसत. पण त्यांचीही स्थिती फार बरी नव्हती. कुणाच्या तरी घरात पोटभाड्याने घेतलेली खोली, कोळसा महाग म्हणून शेगडी थंड, घरमालकिणीची नजर दारावर, पाहुणा आणायची सोय नाही. या माणसाला एका कॉफीच्या बदल्यात ऊबदार दालन, चांगला उजेड, वर्तमानपत्रं, लिहायला कागद-शाई आणि चार ओळखीचे चेहरे मिळत होते. हिवाळ्यात तर हा सौदा फारच स्वस्त होता.

पेटर आल्टेनबर्ग या लेखकाने तर लेखकांच्या अधिकृत सूचीत आपला पत्ता म्हणून 'कॅफे सेंट्रल' असंच छापून घेतलं होतं. टपाल तिथेच येई. १८७६ साली सुरू झालेलं हे कॅफे सेंट्रल ज्या इमारतीत आहे, तिथे आधी शेअर बाजार आणि बँक होती. उंच खांब आणि कमानी पाहून आजही बँकेत शिरल्यासारखं वाटतं. दारातून आत गेल्यावर एका टेबलाशी टक्कल पडलेला, झुपकेदार मिशांचा एक गृहस्थ बसलेला दिसतो. हाच आल्टेनबर्ग, कागदाच्या लगद्याचा. त्याच्या आसपास बुद्धिबळाचे डाव रंगत आणि १९०७ ते १९१४ या काळात व्हिएन्नात राहिलेला रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की तिथे खेळायला येई.

वेटरचं अर्थकारणही यात बसतं. मुख्य वेटरला 'हेर ओबर' म्हणतात. त्याचं पोट पगारापेक्षा टिपवर चाले. रोज येणारं, वर्षानुवर्षं टिकणारं गिऱ्हाईक त्याच्या दृष्टीने घाईत येऊन जाणाऱ्या दहा जणांपेक्षा मोलाचं. म्हणून तो नेहमीच्या माणसाची जागा राखून ठेवी, निरोप पोचवी, प्रसंगी उधारीही सांभाळी. नव्या माणसाशी मात्र तो जरा तुटक वागतो, आजही. ते मनाला लावून घेऊ नये.

सगळ्यांना हा सौदा खुला नव्हता, हेही सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॉफीहाऊसमध्ये बाई दिसायची ती गल्ल्यावर बसलेली. गिऱ्हाईक म्हणून तिला जागा नव्हती. बायका जात त्या मिठाईच्या दुकानात. केकवाल्यांच्या दुकानांना आलेला तो नाजूक, आरसे-मखमलीचा थाट बराचसा या गिऱ्हाइकांमुळे आला असावा.

मेटर्निखचा केक, खुर्ची आणि हेर

ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटर्निख इतिहासाच्या पुस्तकात नेपोलियननंतरच्या युरोपची घडी बसवणारा म्हणून भेटतो. कॉफीहाऊसच्या गोष्टीत तो तीन वेळा डोकावतो.

पहिली गोष्ट केकची. १८३२ मध्ये त्याच्या घरी मेजवानी होती, मुख्य आचारी आजारी पडला आणि सोळा वर्षांच्या फ्रान्त्स झाखर या शिकाऊ पोराने वेळ मारून नेली, अशी झाखरटोर्टेच्या जन्माची कथा आहे. चॉकलेटचा घट्टसर स्पंज, जर्दाळूचा जॅम, वर काळ्या चॉकलेटचं चकचकीत कवच. फ्रान्त्सचा मुलगा एदुआर्ट डेमेल या राजघराण्याला मिठाई पुरवणाऱ्या दुकानात काम करत असे. १८७६ मध्ये त्याने ऑपेराच्या मागे स्वतःचं हॉटेल काढलं. म्हणजे केक दोन्हीकडे पोचला आणि भांडणाची बीजं तिथेच पडली.

१९३४ मध्ये हॉटेलचं दिवाळं निघालं. हॉटेल नव्या मालकांकडे गेलं आणि झाखर घराण्यातल्या वारसाने केकचा हक्क डेमेलला दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रकरण कोर्टात गेलं आणि खटला वर्षानुवर्षं चालला. 'अस्सल' म्हणायचा हक्क कुणाचा, केक आडवा कापून मध्ये जॅम लावायचा की नाही, अशा मुद्द्यांवर वकिलांनी बाजू लढवल्या. फ्रीडरिश टोरबर्ग या लेखकाची साक्ष झाली. हॉटेलची जुनी मालकीण आना झाखर हयात असेपर्यंत केक मध्ये कापत नव्हते, असं त्याने सांगितलं. शेवटी १९६३ मध्ये तडजोड झाली. हॉटेलला 'अस्सल' हा शब्द आणि चॉकलेटचा गोल शिक्का मिळाला, डेमेलला एदुआर्टच्या नावाचा केक आणि त्रिकोणी शिक्का. हॉटेलच्या केकमध्ये जॅम वरही असतो आणि मध्येही. डेमेलच्या केकमध्ये तो फक्त कवचाखाली.

आता एक स्पष्ट मत. झाखरटोर्टे खाऊन आपली मंडळी बहुतेकदा निराश होतात. 'एवढं नाव आणि एवढा कोरडा?' असं म्हणतात. तो कोरडाच असतो. म्हणून तर बशीत बाजूला फेटलेल्या क्रीमचा ढीग येतो आणि त्या क्रीममध्ये साखर नसते. प्रत्येक घासाला थोडं क्रीम आणि मध्ये काळ्या कॉफीचा घोट, असं खाल्लं तर त्याची रचना कळते. क्रीम बाजूला सारून नुसता केक खाणाऱ्याने मग तक्रार करू नये.

दुसरी गोष्ट खुर्चीची. मिशाएल टोनेट हा जर्मन सुतार लाकडाला वाफ देऊन ते वाकवण्याचे प्रयोग करत होता. मेटर्निखने त्याचं काम पाहिलं आणि १८४२ मध्ये त्याला व्हिएन्नाला आणलं. १८५९ मध्ये त्याच्या कारखान्याने चौदा नंबरची खुर्ची काढली. गोल बैठक, पाठीला वाकवलेली एकच सलग कमान आणि तिच्या आत दुसरी. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग केले की एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत. जहाजाने कुठेही पाठवा, तिथे जोडा. वजनाला हलकी, किमतीला स्वस्त, मोडली तर तेवढाच भाग बदला. कॉफीहाऊसवाल्यांनी ती डोक्यावर घेतली आणि तिथून ती जगभर गेली. १९३० पर्यंत पाच कोटी खुर्च्या खपल्या होत्या. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इराण्यांकडे ज्या वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्या दिसतात, त्या याच घराण्यातल्या.

तिसरी गोष्ट कमी गोड आहे. १८४८ च्या क्रांतीपर्यंत मेटर्निखच्या पोलिसांचे खबरे याच कॉफीहाऊसमध्ये कान टवकारून बसत. वर्तमानपत्र आणि गप्पा एका छपराखाली आल्या की सरकारला धास्ती वाटणारच.

संगमरवरावर पेन्सिलने

या बसण्यातून काय निघालं, याची साहित्यिक उदाहरणं नेहमी देतात. मला गणितवाल्यांची जास्त आवडतात.

२६ ऑगस्ट १९३० रोजी व्हिएन्नाच्या संसदेजवळच्या कॅफे राइशराटमध्ये कुर्ट ग्योडेल हा चोवीस वर्षांचा तरुण गणिती रुडॉल्फ कार्नाप या तत्त्वज्ञाला भेटला. पुढच्या आठवड्यात एका परिषदेला जायचं होतं, त्याच्या प्रवासाचं बोलणं चाललं होतं. त्या ओघात ग्योडेलने आपला नवा शोध सांगितला. गणिताची कितीही पक्की नियमावली घ्या, तिच्यात अशी विधानं राहतातच, जी तिच्याच नियमांनी सिद्धही करता येत नाहीत आणि खोटीही पाडता येत नाहीत. विसाव्या शतकातल्या तर्कशास्त्राला हादरा देणारी ही गोष्ट पहिल्यांदा उच्चारली गेली ती कॉफीच्या टेबलावर.

साम्राज्य १९१८ मध्ये मोडलं, पण त्याने पेरलेली कॉफीहाऊस गावोगावी राहिली. ल्वूफ हे असंच एक शहर. तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे. तिथल्या स्कॉटिश कॅफेत स्तेफान बानाख, स्तानिस्वाफ उलाम, स्तानिस्वाफ माझुर ही गणिती मंडळी तासन्‌तास बसत आणि संगमरवरी टेबलांवर पेन्सिलने गणितं सोडवत. रात्री फडकं फिरलं की सगळं पुसलं जाई. शेवटी १९३५ मध्ये बानाखच्या बायकोने एक जाडजूड वही आणून दिली. ती वही कॅफेतच ठेवलेली असे. कुणी मागितली की वेटर आणून देई, लिहून झालं की परत घेऊन जाई. एका पानावर प्रश्न लिहायचा, उत्तरासाठी जागा सोडायची आणि बक्षीस जाहीर करायचं. बक्षिसं बिअरच्या पेल्यापासून पुढे काहीही. ६ नोव्हेंबर १९३६ रोजी माझुरने १५३ क्रमांकाचा प्रश्न लिहिला आणि बक्षीस लावलं, एक जिवंत हंस. मध्ये महायुद्ध झालं, शहराचा देश बदलला, निम्मी मंडळी परागंदा झाली किंवा मारली गेली. १९७२ मध्ये स्वीडनच्या पेर एनफ्लोने तो प्रश्न सोडवला. माझुर तोवर जिवंत होता. वॉर्सात झालेल्या समारंभात त्याने एनफ्लोला खरोखरच हंस दिला. त्या प्रसंगाचा फोटो आहे. टोपलीतून बाहेर डोकावणारा हंस आणि दोघे गंभीर गणिती.

झुंबरामागचा काळोख

कॉफीहाऊसवरच्या गोडगोड लेखांत १९३८ हे साल हमखास गाळलेलं असतं. लेखक, डॉक्टर, पत्रकार, नट आणि त्यांचे श्रोते अशा कॉफीहाऊस गाजवणाऱ्या लोकांत ज्यूंचा वाटा मोठा होता. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घशात घातला. बघता बघता ज्यू मालकांची दुकानं हिसकावली गेली आणि ज्यू गिऱ्हाइकांना दारं बंद झाली. ज्यांना जमलं ते पळाले. फ्रॉइड म्हातारपणी लंडनला गेला. ऑस्ट्रियातले सुमारे ६५ हजार ज्यू मारले गेले. युद्धानंतर खुर्च्या, आरसे, टेबलं जागेवर होती. त्यांवर बसून वाद घालणारी माणसं परत आली नाहीत. आज कॅफे सेंट्रलमध्ये जी 'जुनी व्हिएन्ना' दाखवली जाते, तिचा आत्मा त्या माणसांचा होता, हे तिथल्या रांगेत उभं राहताना आठवावं असं मला वाटतं.

त्यानंतर आर्थिक फटका बसला. १९५० च्या दशकात उभ्याने कॉफी पिण्याचे इटालियन थाटाचे एस्प्रेसो बार आले, मग घरोघरी टीव्ही आले. घरं मोठी आणि उबदार झाली, तशी दालनात बसायची गरज उरली नाही. एकामागून एक कॉफीहाऊस बंद पडली आणि मोक्याच्या जागा बँकांनी आणि मोटारींच्या शोरूमनी घेतल्या. जी टिकली ती बहुतेक घरच्यांनी चालवलेली. कॅफे हावेल्का हे त्यातलं. लेओपोल्ड आणि योझेफिने हावेल्का या जोडप्याने ते १९३९ मध्ये सुरू केलं. भिंती धुराने काळवंडलेल्या, सोफ्यांचं कापड झिजलेलं, झगमगाट काहीही नाही. योझेफिने रात्री उशिरा बुख्टेल्न करायची. आंबवलेल्या पिठाच्या, आत आलुबुखाराचा घट्ट मुरंबा भरलेल्या, एकमेकींना चिकटून भाजलेल्या गरमागरम लाद्या. लेओपोल्ड २०११ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेला आणि बुख्टेल्न अजून रात्रीच मिळतात. धूर मात्र गेला. ऑस्ट्रियाने नोव्हेंबर २०१९ पासून हॉटेलांत धूम्रपान पूर्ण बंद केलं.

आता बिलाकडे परत येऊ. बिलियर्ड आणि पत्ते जवळपास संपले, स्वस्त वर्तमानपत्राची गरज मोबाईलने संपवली, घरात हीटर आहे. आज तुमच्या चार तासांचे पैसे भरतात मुख्यतः तीन जण. पहिले तुम्ही स्वतः, कारण कॉफीच्या दरात जागेचं भाडं धरलेलं असतं. म्हणून ती कोपऱ्यावरच्या स्टॉलपेक्षा बरीच महाग पडते. दुसरे जेवायला येणारे. तिसरे पर्यटक. अर्ध्या तासात केक, कॉफी, फोटो आटोपून ते उठतात आणि त्यांच्या वेगावर नेहमीच्या गिऱ्हाइकाचा संथपणा पोसला जातो. कॅफे सेंट्रलच्या दारात रांग लागते ती यांचीच. बाहेर पन्नास माणसं थंडीत कुडकुडत असताना आत पुस्तक उघडून बसायला मन घट्ट करावं लागतं. तिथे जुना रिवाज थोडा ताणलाच जातो.

तुम्ही गेलात तर

'एक कॉफी' असं मागू नका. वेटर 'कुठली?' म्हणून थांबून राहील. मेलांज म्हणजे कॉफीत गरम दूध आणि वर दुधाचा फेस, आपल्या जिभेला सगळ्यात ओळखीची. ब्राउनर म्हणजे काळी कॉफी आणि शेजारी छोट्या सुरईत दूध किंवा साय. ती लहान किंवा मोठी मिळते. फरलेंगर्टर म्हणजे त्यातच पाणी वाढवून सौम्य केलेली. आइनश्पेनर काचेच्या पेल्यात येते, खाली कडक काळी कॉफी आणि वर फेटलेल्या क्रीमचा जाड थर. ती ढवळायची नाही, गार क्रीममधून गरम कॉफी ओढायची. फियाकरमध्ये दारू असते आणि मारिया थेरेसियामध्येही, तेव्हा नाव ऐकून भुलू नका.

कॉफी धातूच्या लंबगोल तबकात येते, सोबत पाण्याचा ग्लास आणि त्याच्यावर पालथा घातलेला चमचा. हे पाणी नळाचंच असतं आणि बेधडक प्यावं. १८७३ मध्ये आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी केवळ उतारावरून, पंपाशिवाय, शहरात आणलं गेलं. १९१० मध्ये दुसरी वाहिनी आली. व्हिएन्नाकरांना कॉफीइतकाच या पाण्याचाही अभिमान आहे.

केक मेनूवर वाचून मागवण्यापेक्षा काचेच्या कपाटाशी जाऊन बघा आणि बोट दाखवा. त्या कपाटात सगळं जुनं साम्राज्य मांडलेलं असतं. डोबोश टॉर्टे हंगेरीचा. १८८५ च्या बुडापेस्ट प्रदर्शनात गाजलेला, वर कडक कॅरामेलचा पत्रा असलेला. बुख्टेल्न बोहेमियाच्या आचारणींकडून आलेले. लिंत्सरटोर्टे लिंत्स शहराचा, त्याची लिखित कृती १६५३ पासून सापडते.

अंडं न खाणाऱ्यांची इथे पंचाईत आहे. टोर्टे म्हटलं की अंडी आलीच, झाखरमध्ये तर भरपूर. क्रीमच्या थरांच्या केकमध्ये जिलेटिनही असू शकतं. त्यातल्या त्यात सफरचंदाचा श्ट्रुडेल बरा. वर्तमानपत्र खाली ठेवलं तर अक्षरं वाचता यावीत इतकं पातळ ताणलेलं पीठ, आत सफरचंद, बेदाणे, दालचिनी. जुन्या पद्धतीच्या पिठात पुष्कळदा अंडं नसतं, पण बेदाणे रममध्ये भिजवलेले असू शकतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात. टोप्फेन म्हणजे चक्क्याच्या जवळचं दही-पनीर. त्याचा श्ट्रुडेल चविष्ट असतो, त्यात मात्र अंडं असतं. 'मोन' लिहिलेलं दिसलं तर ती खसखस आणि भरपूर असते.

ग्रुप टूरवर व्हिएन्नाला अर्धा दिवस मिळतो, त्यात कॅफे सेंट्रलची रांग परवडत नाही. त्यापेक्षा १८८० पासूनच्या कॅफे श्पेर्लमध्ये जा, किंवा ऑपेराजवळ असाल तर १८९९ मध्ये आडोल्फ लोस या वास्तुविशारदाने सजवलेल्या कॅफे म्युझियममध्ये. दुपारी तीननंतर तिथली माणसं कॉफी आणि काहीतरी गोड खायला येतात. तेव्हा गर्दी असते, पण ती बघण्यासारखी असते. रिकामं टेबल दिसलं की बहुतेक ठिकाणी सरळ जाऊन बसायचं. 'राखीव' पाटी असेल तर सोडून द्यायचं. लॅपटॉप उघडण्याआधी आजूबाजूला कुणी उघडलाय का ते पाहा. काही ठिकाणी भुवया उंचावतात.

उठायचं झालं की वेटरच्या नजरेला नजर मिळवून 'त्सालेन, बिट्टे' म्हणायचं. बिल मागितल्याशिवाय येणार नाही, त्यामुळे विमान गाठायचं असेल तर वीस मिनिटं आधी सुरुवात करा. बोलावल्यावर वेटर येईल तो त्याच्या सवडीने. टिप टेबलावर टाकून जायची पद्धत नाही. बिल साडेतेरा युरो झालं असेल तर नोट देताना 'पंधरा' म्हणायचं, म्हणजे तो पंधरा कापून बाकीचे परत देतो. साधारण पाच ते दहा टक्के पुरतात. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या, सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही.